मेंढा, मोटार आणि प्रोस्टेट

आमच्या इमारतीतल्या फ्लॅटना नंबर आहेत, पण ते फक्त वीजखात्याला माहीत आहेत. बाकी सगळे फ्लॅट आजारांवरून ओळखतात. 'दुसरा मजला, पित्ताशय' म्हणजे सगळ्यांच्या मावशी, तांत शाहिनाज. 'चौथा, बायपास' म्हणजे नौदलातून निवृत्त होऊन हज करून आलेले हाज मुतवल्ली. तिसऱ्या मजल्यावरच्या उस्ताद रुश्दींनी (आमच्याकडे 'उस्ताद' म्हणजे साधं 'साहेब') बंदरावर कस्टममध्ये तीस वर्षं काढली. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने जहाजांचे कप्तान घाबरत असत, असं ते स्वतः सांगतात. पण सहा वर्षांपूर्वी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं आणि त्या दिवसापासून कस्टम संपलं. कुणी त्यांचा पत्ता विचारत आलं की आमचा दरवान अब्दुल मवगूद बाकावरून न उठता जिन्याकडे बोट करतो आणि ट्राम थांबेल अशा आवाजात सांगतो, "मूळव्याध ना? तिसरा, डावीकडे." त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्याने हाच पत्ता सांगितला. लग्न जमलं, नाही असं नाही, पण व्याह्यांनी पहिल्या भेटीला बसबुसाच्या मिठाईऐवजी पाच किलो अंजीर आणले.

आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, उजवीकडे. मी भूगोलाचा शिक्षक. अलेक्झांड्रियाच्या निम्म्या ट्राम-कंडक्टरांकडून नाईलची लांबी मी पाठ करून घेतली आहे. बावीस वर्षं या इमारतीत राहून मला एकही सांगण्यासारखा आजार झाला नव्हता. म्हणून अब्दुल मवगूद माझा पत्ता नाइलाजाने 'भूगोल, पाचवा, उजवीकडे' असा सांगायचा. हे वैभव अठ्ठावन्नाव्या वर्षी धोक्यात आलं.

डॉक्टर हलीम हे अत्यंत सभ्य गृहस्थ. आमच्याकडे कॅन्सरचं नाव घेत नाहीत, 'तो वाईट' म्हणतात. डॉक्टरांनी नाव घेतलं, पण इतक्या हळू की मला ते स्वतःच मोठ्याने म्हणावं लागलं. मग त्यांनी कागदावर अक्रोडासारखं काहीतरी काढलं, त्याच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि म्हणाले, "प्रोस्टेट. ठिपका लहान आहे आणि एकाच बाजूला आहे. कापायची गरज दिसत नाही. आवाजाने जाळू."

मी ऐकून घेतलं. शिक्षकाला वेड्यावाकड्या उत्तरांची सवय असते.

"ऐकू न येणारा आवाज," ते म्हणाले. "लहानपणी भिंगाने कागद जाळलात ना? ऊन सगळीकडे असतं, पण भिंगातून ते जिथे एकवटतं तिथेच जळतं. तसंच हे. उन्हाऐवजी ध्वनिलहरी."

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. हे सगळ्यांना लागू पडत नाही, मला पडेल. नंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही वर्षानुवर्षं. ठिपका पुन्हा उगवू शकतो, तेव्हा पुन्हा विचार करू. सुरीचा मार्ग तेव्हाही मोकळा राहील, पण सुरीनंतर कधीकधी लघवी आवरत नाही, आणि कधीकधी (इथे ते खिडकीबाहेर बघू लागले) संसारातल्या इतर गोष्टीही आवरत्या घ्याव्या लागतात. यंत्राची नळी शरीरात कुठून सरकवतात हेही त्यांनी सांगितलं. ते मी लिहिणार नाही. उस्ताद रुश्दींच्या ऑपरेशनचा प्रदेश आणि हा प्रदेश एकच, एवढं भूगोलाचा शिक्षक म्हणून नमूद करतो.

मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत होतो, पण खरं सांगायचं तर माझं मन एकाच वाक्यावर अडकलं होतं. टाके नाहीत, व्रण नाही, रक्ताचा थेंब नाही. बुधवारी कैरोला जायचं, गुरुवारी घरी. म्हणजे पुरावा नाही. रुश्दींसारखा कस्टमचा माणूस पुराव्यापायी बुडाला होता. मी बुडणार नव्हतो. अब्दुल मवगूदला कळता कामा नये, एवढी एकच अट मी मनाशी घातली आणि होकार दिला.

बायकोला सांगणं भाग होतं. इन्शिराह पाच मिनिटं रडली, मग तोंड धुऊन आली आणि उलटतपासणीला बसली.

"आवाजाने?"

"आवाजाने."

"एकतीस वर्षं मी तुझ्यावर आवाज करतेय, वगदी. तुझं काय जळलं?"

भिंगाचं उदाहरण मी दोनदा दिलं. तिला भिंग पटलं, रक्ताचा थेंब नाही हे पटलं नाही. तिच्या आईकडच्या खेड्यात असा हिशेब असतो की मोठा आजार रक्त घेतल्याशिवाय जात नाही. तुमचं मिळालं नाही, तर तो घरात दुसऱ्या कुणाचं शोधतो. "मेंढ्याचा नवस बोललेय मी," ती म्हणाली. "तू धड परत आलास की दारात मेंढा." मग मी तिच्याकडून मुलाची, हातिमची शपथ घेतली की हे कुणालाही सांगायचं नाही. तिने फक्त भावाला, लुत्फीला सांगितलं. गाडीची व्यवस्था त्यालाच करायची होती, त्यामुळे ते क्षम्य होतं.

त्याआधी आरोग्यनिधीची मंजुरी हवी होती. आमच्या निधीच्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागे मॅडम अफाफ मुलूखियाची भाजी खुडत बसलेल्या असतात. त्यांनी एक जुडी संपवली आणि विचारलं, कापणार आहेत का? मी म्हटलं, नाही. मग ही शस्त्रक्रिया नव्हे. गोळ्या देणार आहेत का? नाही. मग हे औषधही नव्हे. मग आहे तरी काय? मी म्हटलं, ध्वनिलहरी. त्यांचा चेहरा उजळला. "मग सोनार म्हणा की, सोनोग्राफी. सात नंबर."

सात नंबरला 'माता आणि बालक' अशी पाटी होती. बाकावर पाच बायका बसल्या होत्या, त्यांतली सर्वांत अवघडलेली बाई माझे पांढरे केस बघून उठू लागली. मी तिला कसंबसं बसवलं. शेजारचीने आपुलकीने विचारलं की सुनेला कितवा लागला आहे. मी म्हटलं, सून कुवेतला आहे. यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, तिच्याविषयी मी अजून बोललेलो नाही. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरला. नाव, वय, हुद्दा इथपर्यंत ठीक होतं. पुढे 'महिना कितवा' असा रकाना होता. मी 'लागू नाही' असं सुचवलं. ती म्हणाली, रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही. दोघांनी थोडा विचार केला. मग तिने नऊ लिहिले. नऊ लिहिले की प्रकरण तातडीचं होतं, असं तिचं म्हणणं.

गरुडाचा शिक्का मारलेली मंजुरी चौथ्या दिवशी हातात पडली. माझ्या एका सहकाऱ्याच्या मोतीबिंदूला याच कार्यालयात चौदा महिने लागले होते. तेव्हापासून सरकारी कामाबद्दल कुणी वाईट बोललं तर मी गप्प बसतो.

इथवर सगळं गुपचूप पार पडलं होतं. इन्शिराहने शब्द पाळला होता, कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. फक्त तिच्या ओळखीचा मेंढपाळ शुक्रवारी येतो म्हणून तिने मेंढा पाच दिवस आधीच आणला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधून ठेवला. गुप्तता म्हणजे काय हे त्या प्राण्याला ठाऊक नव्हतं. तो पहाटेच्या अजानच्या थोडं आधी सुरू व्हायचा आणि मुअज्जिन थकला तरी थांबायचा नाही.

बकरी ईदला सात महिने अवकाश. अशा अवेळी गच्चीवर मेंढा आला की त्याची कारणं आमच्याकडे ठरलेली असतात: लग्न, नवं दुकान किंवा नवी गाडी. अब्दुल मवगूद बाकावर बसून तर्क करू लागला. हातिमचं लग्न होऊन गेलेलं. मास्तर दुकान कसलं काढणार? आणि मेहुणा लुत्फी तर गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला, तोही आठवड्यात दोनदा येऊन गेला. दुपारच्या चहापर्यंत निकाल लागला. उस्ताद वगदी नवी गाडी घेताहेत.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग मेंढा कशाला? मी जिन्यात उभा राहून क्षणभर विचार केला आणि नुसता हसलो. "बघू, देवाच्या मनात असेल तर," असंही म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरचे चार दिवस मी इमारतीचा लाडका होतो. रुश्दींनी पांढराच रंग घ्यायला सांगितलं, विकताना बरा पडतो. तांत शाहिनाज म्हणाल्या, सीटवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं काढू नकोस. त्यांच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी काढलं आणि वर्षाच्या आत ते गेले. हाज मुतवल्लींनी मला जिन्यात धरून पाऊण तास ध्वनिलहरी समजावल्या. गाडी मागे घेताना जी किणकिण वाजते तीही सोनारच, आणि अशा लहरींवर त्यांनी समुद्रात पाणबुड्या शोधल्या होत्या. लहर जाते कशी, आदळते कुठे, कुठे एकवटते, हे मला डॉक्टर हलीमपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळलं. मी इतक्या मन लावून ऐकत होतो की त्यांचे डोळे भरून आले. बायकोनेही कधी एवढं ऐकलं नाही, म्हणाले.

अब्दुल मवगूदने दारासमोरची जागा झाडून चार विटा मांडल्या आणि तिथे कुणालाही गाडी लावू देईना. माझी स्वतःची एकशे-अठ्ठावीस फियाट, जी हातिमपेक्षा वयाने मोठी आहे, तिला त्याने शेजारच्या गल्लीत धाडलं.

बुधवारी सकाळी मला निरोप द्यायला सगळे खाली उतरले होते. गाडी आणायला कैरोला चाललो आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तांत शाहिनाजनी माझ्या हातात दृष्टीचा एक निळा मणी ठेवला. "आरशाला बांध. वाटेतच बांध, घरी येईपर्यंत थांबू नकोस."

इस्पितळात कपडे काढून घेतले, घड्याळ काढून घेतलं, चष्मासुद्धा काढून घेतला. मणी तेवढा मुठीत राहिला. नर्सने विचारलं, हे काय? मी म्हटलं, गाडीचा आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. तोपर्यंत मी सगळ्या गोष्टीकडे लपवाछपवीचा एक डाव म्हणून बघत होतो. कमरेखालचं अंग बधिर होऊ लागलं, दिवे मोठे झाले, आणि मला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं की आपल्याला तो वाईट झाला आहे. मूठ घट्ट झाली ती अडीच तास सुटली नाही. यंत्र आपलं काम करत होतं. घरात आणि वर्गात एकतीस वर्षं आवाजातच काढली, पण ज्या आवाजाने माझं काही भलं झालं तो एकच, आणि तोच मला ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर पाहून समाधानाने मान डोलावली. लघवीची नळी आठवडाभर राहणार होती. तिची पिशवी त्यांनी पोटरीला पट्ट्याने बांधून दिली आणि वर सैल पॅंट चढवली. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी आरशात दोनदा खात्री करून घेतली.

गुरुवारी दुपारी लुत्फी न्यायला आला तो एक लांबलचक, कोरी, पांढरी गाडी घेऊन. सीटवर अजून प्लॅस्टिक होतं. "तुझी फियाट खड्ड्यांतून नेली, अबू हातिम, तर डॉक्टरांनी आत केलेलं सगळं बाहेर येईल," तो म्हणाला. हातिमचा बाप म्हणून तो मला अबू हातिम म्हणतो. गाडी शोरूमची होती. मालक गावाला गेला होता, सहाला परतणार होता, आणि त्याला विचारण्याइतका वेळ लुत्फीकडे नव्हता. मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलो. पांढरा रंग, सीटवर प्लॅस्टिक, हातात मणी, तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भूल कमरेखाली दिली होती, पण थोडी वर चढली असावी.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. समोर सबंध इमारत उभी होती. विटा काढल्या होत्या, रस्त्यावर पाणी मारलं होतं. खाटिक सुरी घेऊन तयार होता, आणि मेंढा आंघोळ घातलेला. आमच्या बाल्कनीत इन्शिराह पांढरीफटक पडून उभी होती. नवस तिने बोलला होता, पण गर्दी तिने बोलावली नव्हती. गाडी दिसताच बायकांनी जिभा हलवून आनंदाचे चीत्कार सुरू केले, आणि चाकं थांबायच्या आतच मेंढा त्यांच्यापुढे आडवा झाला.

मग तळहात आले. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून त्या रक्तात हात बुडवून पंजा उमटवायचा असतो. पहिला मान अब्दुल मवगूदने घेतला, दोन्ही हातांनी, बॉनेटवर. रुश्दींनी दारावर. हाज मुतवल्लींनी काचेवर. मी अकरा पंजे मोजले. लुत्फीच्या तोंडून एक आवाज निघाला, तोही ऐकू न येणाऱ्या लहरींपैकीच होता.

तो खिडकीतून बादली मागू लागला. कुणी देईना. रक्त संध्याकाळपर्यंत धुवायचं नसतं, नाहीतर गाडी महिन्याच्या आत आपटते. अब्दुल मवगूद काठी घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला. मास्तरांच्या गाडीचं वाटोळं त्याच्या देखत होणार नव्हतं. उलट सगळ्यांचा हट्ट होता की मी पुढे बसावं आणि गाडी रक्तावरून एकदा स्वतः न्यावी.

लुत्फी मागे वळला. "अबू हातिम, सहाला मालक येतो. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवून घेणार? काहीही सांग त्यांना. पण पाणी मागव."

काहीही सांगून भागणार नव्हतं. गाडी माझी आहे तोवर ती धुतली जाणार नव्हती. आणि गाडी माझी नाही असं म्हणायचं, तर मेंढा कुणाचा ते सांगावं लागणार होतं. दोन आठवडे, एक खोटं हसू आणि 'नऊ' हा आकडा खर्चून जी गोष्ट मी जपली होती, ती आणि लुत्फीची नोकरी एकाच तराजूत होती. मी दार उघडलं, पाय एकेक करून बाहेर काढले आणि गाडीला धरून उभा राहिलो.

"ही गाडी माझी नाही," मी म्हटलं. "शोरूमची आहे. सहाला परत द्यायचीय."

"मग मेंढा?" रुश्दींनी विचारलं. हाडाचा कस्टमवाला.

"मेंढा माझ्या प्रोस्टेटचा आहे. तो वाईट झाला होता मला. काल कैरोला जाळून आलो."

नकाशा दाखवल्याशिवाय वर्गाचा विश्वास बसत नाही, हे अनुभवाने माहीत होतं. मी पोटरीवरची पिशवी दिसेल इतका पॅंटचा पाय वर उचलला.

तांत शाहिनाज सर्वांत आधी भानावर आल्या. "मग पाणी आणा की," त्या म्हणाल्या. "मास्तर उन्हात उभाय आणि तुम्ही सगळे बघत काय बसलात?"

प्रत्येक बाल्कनीतून दोरीला बांधून बादल्या खाली आल्या. मला दरवानाच्या बाकावर बसवलं. हा मान आजवर कुणालाही मिळाला नव्हता. रुश्दी स्वतःचा रुमाल घेऊन दार घासत होते. बॉनेटवरचे दोन पंजे अब्दुल मवगूदने आपल्या बाहीने पुसले, आणि पुसताना त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सव्वापाचला गाडी निघाली तेव्हा आली त्यापेक्षा चकचकीत होती. मालकाने लुत्फीला एवढंच विचारलं म्हणे, की ही कुणी धुतली, इथून पुढे सगळ्या त्याच्याकडूनच धुऊन घे.

मेंढ्याचं मटण गल्लीत वाटलं गेलं. मग भेटीला येणारे सुरू झाले, हातात साखर आणि पेरूच्या रसाचे डबे घेऊन. बसल्या बसल्या सगळ्यांची एकच मागणी: टाके दाखव. टाके नाहीत म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडत. दोघांनी तर सरळ सांगितलं की तुला फसवलंय. माझी बाजू लावून धरली ती हाज मुतवल्लींनी. "समुद्र कापून पाणबुडी शोधतात का?" असं ते रोज नव्या पाहुण्याला विचारायचे.

नळी निघाली. दुसऱ्या शनिवारी मी बाल्कनीत बसलो होतो, तेव्हा खालून तो आवाज आला. "उस्ताद वगदी? प्रोस्टेट. पाचवा, उजवीकडे." बावीस वर्षांचा भूगोल एका वाक्यात बुडाला. मी आत येऊन भिंतीवरच्या नकाशाकडे बराच वेळ बघत बसलो. इन्शिराहने न मागता चहा आणून ठेवला.

पण पत्ता पसरला, तशी माणसं येऊ लागली. पहिले रुश्दी आले, ॲटलास बघायला. ॲटलास उलटा धरून त्यांनी डॉक्टर हलीमचा फोन नंबर मागितला. मग हाज मुतवल्ली. मग समोरच्या इमारतीतला एक न्हावी, ज्याला मी ओळखतही नव्हतो. रक्त कुठे तपासतात, नळी खरंच तिथूनच घालतात का, दुखतं का, आणि शेवटी हलकेच, संसाराचं काय. जाताना प्रत्येकाचं वाक्य एकच: हे आपल्यातच राहू दे. मुतवल्लींची ग्रंथी नुसती फुगलेली निघाली, गोळ्यांवर भागलं. रुश्दींना ठिपका निघाला, माझ्यासारखाच, लहान आणि एका बाजूला. ते पुढच्या महिन्यात कैरोला जाताहेत. इमारतीत त्यांनी सांगितलंय की नवी गाडी आणायला. विटा पुन्हा मांडल्या आहेत.

माझा तीन महिन्यांचा रक्ताचा अहवाल आला. आकडा उतरला होता. त्याच दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. अब्दुल मवगूद चपला हातात घेऊन उभा होता. बावीस वर्षांत तो आत येऊन बसला नव्हता. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला आणि प्रथमच हळू आवाजात बोलला.

"उस्ताद, मी रात्री पाच वेळा उठतो. दोन वर्षं झाली. लोकांना वाटतं मी चोरांवर लक्ष ठेवतो. गेल्या ईदला सगळ्यांनी मिळून मला त्याबद्दल कोटही दिला."

मी नंबर लिहून दिला. सोबत येईन, असंही म्हणालो. सात नंबरच्या खिडकीवर कसं बोलायचं ते मला माहीत आहे.

दारात तो घुटमळला. "उस्ताद, कुणाला कळू देऊ नका. लोक नावं ठेवतात."

मी वचन दिलं आणि ते पाळलंही आहे. तुम्ही आमच्या इमारतीत राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी अनोळखी माणूस खाली माझा पत्ता विचारत होता. मी बाल्कनीच्या कठड्याला घट्ट धरलं. खालून आवाज आला, पूर्वीसारखाच खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"उस्ताद वगदी? भूगोल. पाचवा, उजवीकडे."